जिवंत माणसासाठी एक मिनिट

कृष्णकांतांच्या नागपुरातल्या, मनीषनगरच्या घरी गेलात तर चहा नंतर येतो, फोटो आधी. सुटका नाही. सोफ्याच्या वर, लाकडी चौकटीत, एक मोठं सभागृह आहे. डावीकडे रशियाचे गायक, उजवीकडे अमेरिकेचे, सगळे उभे, माना खाली. मधोमध सफारी घातलेले, काळ्याभोर केसांचे कृष्णकांत.

"लेनिनग्राड, अठ्ठ्याऐंशी साल," ते सांगतात. "एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन देश आपल्या भारतीय संस्कृतीसाठी उभे राहिले. मी होतो तिथं."

सदतीस वर्षं हे वाक्य चाललं. ज्येष्ठ नागरिक मंडळात त्यांना 'रशियाकाका' म्हणतात, आणि कृष्णकांतांना ते आवडतं बरं का. पण हे लोक नेमके कशासाठी उभे राहिले, असं कोणी कधी विचारलं नाही. लोकांचं काय, फोटो पाहतात, वा वा म्हणतात आणि पोह्यांच्या बशीकडे वळतात.

विचारलं ते भूमिकाने. गुरुवारी सकाळी स्कूटी घेऊन आली. वीस-एकवीस वर्षांची, खांद्याला झोळी, बोलायला फटकळ.

"काका, मी पारशिवनीकडची. चंपतराव शाहिरांची नात."

कृष्णकांतांच्या हातातला पेपर हातातच राहिला. "ते... आहेत?"

"हायेत ना! एक्क्याऐंशीचे झाले. काहून?"

"काही नाही. बस, बस."

आत यमुताई, त्यांच्या पत्नी, पोह्यांना फोडणी देत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, कोण आलं हो? कृष्णकांत म्हणाले, कॉलेजची मुलगी आहे. तेवढं खरं होतं.

भूमिकाने एका दमात सांगितलं. कॉलेजात लोककला शिकून राहिली होती. घरातच एवढा मोठा शाहीर, आणि हा माणूस एक ओळ शिकवायला तयार नाही. "आबा म्हणतात, आपलं गाणं अश्लील हाय. रशियावाल्यायनं तसं लिहून पाठवलं, म्हणतात. ती चिठ्ठी तुमच्याकडे आली होती ना? कोणतं गाणं अश्लील ते तरी सांगा. तेवढं सोडून देऊ. बाकीचे तं शिकवतील. आबा गेले तं सारं त्यायच्यासंगं जाईल हो."

कृष्णकांतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जुनी गोष्ट आहे. चिठ्ठी शोधावी लागेल. रविवारी फोन कर."

ती उठली, आणि दाराशी जाता जाता तिची नजर फोटोवर गेली. "अन् हे लोकं माना खाली घालून काहून उभे हायेत? कोणी मेलं का?"

कृष्णकांतांनी फोटोकडे पाहिलं. हसल्यासारखं काहीतरी केलं. पोरीने चपला घातल्या आणि गेली.

आता खरं काय ते ऐका.

सत्त्याऐंशीच्या थंडीत लिदिया नावाच्या एक बाई रशियातून नागपूरला आल्या होत्या. लोकगीतं गोळा करायच्या. कृष्णकांत तेव्हा सरकारी कचेरीत कारकून. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकले होते आणि हौसेने इथल्या भारत-रशिया मैत्री मंडळाचे चिटणीस झाले होते. बाईंना खेड्यातलं गाणं ऐकायचं होतं. कोणीतरी चंपतरावांचं नाव सांगितलं, म्हणून जीप करून पारशिवनीकडे नेलं.

भरदुपारी पिंपळाखाली खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, उभी राहिली. डफ, तुणतुणं, आणि लुगडं नेसून, घुंगरं बांधून नाचणारा एक मिशीवाला गडी. दोन पक्ष समोरासमोर. तुरेवाले म्हणणार शिव मोठा, कलगीवाले म्हणणार शक्ती मोठी. एकाने गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाऊन जवाब द्यायचा. पिढ्यान् पिढ्यांचं वैर. चंपतराव कलगीचे. आणि त्या गावची रीत अशी की भांडण संपलं, की दोन्ही पक्षांच्या शाहिरांनी एकाच ताटात जेवायचं. तोवर गावातलं कोणी घास उचलत नाही.

लिदियाबाईंनी ते जेवण पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कृष्णकांतांच्या डोळ्यांत काय होतं? लाज. दुसरं काही नाही. लुगड्यातला गडी, तंबाखूचे दात, चावट बोलणं, त्यावर बायकांचं खदखदून हसणं. आपल्या देशाची अब्रू गेली असं त्यांना वाटत होतं. परतताना जीपमध्ये त्यांनी बाईंची माफी मागितली. बाईंना कळेचना, माफी कशाची.

वर्षभरात बाईंचं पत्र आलं. लेनिनग्राडला रशियन आणि अमेरिकन लोकगायकांचा मेळा भरतोय. भारतातून त्या शाहिराला घेऊन या, दुभाषी म्हणून तुम्ही या. गावाला निरोप गेला. गावाने तर धुमाकूळ घातला. चंपतरावांना ओवाळलं, हार घातले, शिंप्याकडून कोट शिवून घेतला. आणि निघायच्या पंधरा दिवस आधी कृष्णकांत एकटेच गावात गेले. सांगितलं, रशियाहून दुसरं पत्र आलंय. तुमचं गाणं त्यांना अश्लील वाटतं. येऊ नका म्हणतात.

दुसरं पत्र आलंच नव्हतं.

लेनिनग्राडला त्यांनी नागपूरच्या महाल भागातल्या सुमतीबाईंना नेलं. स्वच्छ गळा, रेशमी साडी, चंद्र-चांदण्यांची भावगीतं. दोन्हीकडच्या पाहुण्यांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग लिदियाबाईंनी विचारलं, तो कुठाय? एका ताटात जेवणारा? काय उत्तर द्यावं हे कृष्णकांतांनी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "तो वारला."

बाई सरळ मंचावर चढल्या. दोन वैऱ्यांना एका ताटात बसवणारा गायक आपल्यात नाही, म्हणाल्या. आणि त्या मेळ्यात एकमेकांशी हात न मिळवलेले ते दोन्ही कळप एका मिनिटासाठी उभे राहिले. फोटो त्या मिनिटाचा आहे.

भूमिका गेल्यावर कृष्णकांतांनी गोदरेजचं कपाट उघडलं. लिदियाबाईंचं पत्र विम्याच्या कागदांखाली होतं. पत्र हातात घेऊन ते पलंगावर बसले ते बसलेच. पोहे गार झाले तसं यमुताई आत आल्या.

"अहो, काय झालं? कोण होती ती?"

त्यांनी सांगितलं. सगळं. पन्नास वर्षांच्या संसारात हे एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि सांगताना त्यांना बायकोच्या तोंडाकडे पाहता आलं नाही.

यमुताईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "त्या फोटोखाली बसवून मी सदतीस वर्षं लोकांना चहा दिला हो. अभिमानानं दिला."

"चुकलं माझं."

"मला काय सांगता? ज्याला मारलं त्याला सांगा. रविवार कशाला, उद्याच जा."

"यमू, या वयात लोक काय म्हणतील? मंडळात..."

"मंडळ गेलं खड्ड्यात!" असा आवाज यमुताईंनी उभ्या जन्मात काढला नसेल. "तो माणूस एक्क्याऐंशीचा आहे. तुम्ही लाज धरून बसा, तो बसून राहील का?"

शुक्रवारी सकाळी, निरोप मिळताच, भूमिका त्यांना बसने घेऊन गेली. वाटेत तिने दोनदा विचारलं, "काका, कोणतं गाणं होतं ते?" दोन्ही वेळा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिशातलं पत्र शर्टावरून चाचपत होते. मनात वाक्यं जुळवत होते. परिस्थितीच तशी होती. वरून दबाव होता. देशाच्या प्रतिमेचा प्रश्न होता. रामटेकचा फाटा येईस्तोवर ही सगळी वाक्यं त्यांची त्यांनाच घाणेरडी वाटायला लागली.

चंपतराव अंगणात खाटेवर बसले होते. वाळलेले, पण ताठ. सून गोपिका तुरीच्या शेंगा सोलत होती. कृष्णकांतांना पाहून म्हातारा धडपडून उभा राहिला.

"साहेब! या, या. गोपिका, पानी आन वं. साहेब आले, रशियावाले."

तो मान कृष्णकांतांना झेपला नाही. खाटेवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उभ्यानेच पत्र काढलं आणि मराठीत वाचून दाखवलं.

"'तुमच्या त्या शाहिराला नक्की आणा. आमच्यात आणि अमेरिकनांत चाळीस वर्षं नुसते सवालच चालले आहेत, जवाब कोणी देत नाही. त्याने लुगड्यातली ती बाई मंचावर उभी करून जवाब द्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. इतकं शहाणं आणि इतकं निर्भय गाणं मी दुसरीकडे ऐकलं नाही.'"

चंपतराव कान देऊन ऐकत होते. "हे कवाचं पत्र?"

"पहिलं. आणि हे एकच. दुसरं आलंच नाही, चंपतराव. मी खोटं बोललो तुमच्याशी."

गोपिकाचे हात शेंगांवर थांबले. भूमिका त्यांच्याकडे पाहत होती, आणि ती नजर कृष्णकांतांना सहन होत नव्हती. तरी त्यांनी पुढचंही सांगितलं. तुम्ही वारलात असं तिथं सांगितलं, हेही.

"मी मेलो म्हनून सांगतलं?"

"हो."

"मंग?"

"ते सगळे उभे राहिले."

"अमेरिकावाले भी?"

"तेही."

"किती येळ?"

"एक मिनिट."

म्हातारा हसला. खोकला येईपर्यंत हसला. पाणी प्याला, तोंड पुसलं, आणि मग हसू गेलं.

"म्हंजे अश्लील कोनं म्हनलं, साहेब?"

"मी." कृष्णकांत म्हणाले. "मला लाज वाटली होती तुमची. परदेशी माणसासमोर. माझं मत मी त्या बाईच्या तोंडी घातलं."

"तं तुमचं मत तुमी सांगाचं होतं ना गा!" चंपतरावांनी खाटेवर हात आपटला. "तुमी तं इथलेच. नागपूरचे. तुमाले मी जवाब देल्ला असता. इथंच, या अंगनात. डफ घेऊन उभा राह्यलो असतो तुमच्यापुढं. रशियाले कसा जवाब देऊ? तिथं माहा आवाज पोचते का? त्या बाईले सदतीस साल शिव्या देल्ल्या मी. बिचारी."

कृष्णकांतांनी हात जोडले. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलंही नाही.

"अन् तुमी हे नाही सांगतलं, का कोनतं गानं अश्लील. मी एकेक काहाडून पाहे. याच्यात हाय का? त्याच्यात हाय का? एकेक शब्द हुंगून पाह्यला. समदेच तसे वाटाले लागले. मंग गुरूनं देल्लेली बाड होती, हातानं लिहिलेली, दोनशे गान्यायची वही. ते पेंच नदीत सोडली."

"आबा!" भूमिका किंचाळली. "पेटीत हाय म्हणत होते ना तुम्ही?"

"पेटीत घुंगरं हायेत, पोरी. बाड नाही."

"अन् डोक्यातले?"

"गायलं नाही तं ऱ्हाते का डोक्यात? गेले. संगवाले होते तेही गेले."

भूमिका खाली बसली. रडली नाही, नुसती बसली. आपण इथे माफी मागायला आलो होतो, हे कृष्णकांतांना आता हास्यास्पद वाटलं. दोनशे गाणी. त्यांनी ती ऐकलीसुद्धा नव्हती. जागच्या जागी जमिनीत गडप व्हावं असं त्यांना वाटलं, पण जमीन काही कोणासाठी उघडत नाही. ते उभेच राहिले.

"साहेब," चंपतराव म्हणाले, "आता तरी सांगा. कोनती ओळ होती?"

"राहू द्या ना."

"नाही नाही. सदतीस साल शोधली मी ते. सांगा."

कृष्णकांतांनी गोपिकाकडे पाहिलं, भूमिकाकडे पाहिलं. कानशिलं तापली. दोन बायकांसमोर, शहात्तर वर्षांच्या तोंडाने, त्यांनी खाली मान घालून ती ओळ म्हटली. तुरेवाला विचारतो बाई मोठी की पुरुष, तेव्हा लुगड्यातल्या गड्याने कमरेवर हात ठेवून दिलेला जवाब.

"ज्या दारातून आला बाहेर, त्याच दारी घुटमळते गा,
तिथंच घुटमळते, अन् मोठं कोन, इचारते गा."

गोपिकाने पदर तोंडाला लावला, पण हसू फुटलंच. भूमिकाही ओल्या डोळ्यांनी हसली. एकटे चंपतराव हसले नाहीत.

"एवढीच?" ते म्हणाले.

कृष्णकांतांनी मान हलवली.

"हे तं माह्या आजीची ओळ, साहेब. बायका म्हनत जात्यावर." ते नातीकडे वळले. "काहाड वही. लिहून घे. साहेबाले पाठ हाय."

भूमिकाने झोळीतून वही काढली, दोन ओळी लिहिल्या आणि पेन धरून थांबली.

"हं," चंपतराव म्हणाले. "पुढची?"

कृष्णकांतांनी डोळे मिटले. पिंपळ आठवला, लुगड्याचा हिरवा रंग आठवला, लिदियाबाईंचं हसणं आठवलं. पुढची ओळ आठवेना.

"मांगची तरी?"

तीही नाही. त्या दुपारी तीन तास गाणं चाललं होतं, आणि त्यांनी सदतीस वर्षं जपून ठेवली होती ती एवढीच ओळ, जिची त्यांना लाज वाटली होती.

"नाही आठवत, चंपतराव."

म्हाताऱ्याने खाटेवरची गोधडी सारली, त्यांच्यासाठी जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "आठवून पाहा. मी हाय इथंच."