भुंग्याला भूल देताना

निवेदिता मॅडमनी हात धुता धुता सांगितलं, "आज भूल तू द्यायचीस, ऋतिका," आणि ऋतिकाला दवाखान्याच्या फरशीवर एकदम तरंगल्यासारखं वाटायला लागलं. खानापूरची ही पोर जनावरांची डॉक्टर होऊन नुकतीच बेळगावात आली होती. आजवर ती मॅडमच्या शेजारी उभी राहून नुसतं बघत होती. आता भुलीचं यंत्र तिच्या हाती. तिला उगीचच हसू फुटत होतं.

येळ्ळूरच्या राजाबाईंच्या भुंग्या कुत्र्यानं मक्याच्या कणसाचं दाणे काढून उरलेलं बुरकुंड गिळलं होतं आणि ते आतड्यात अडकलं होतं. भुंग्या कोपऱ्यात मलूल पडला होता. राजाबाई दारातनं हलायला तयार नव्हत्या.

ऋतिकानं यंत्राची हवा बाहेर सोडणारी झडप बंद केली, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि ऑक्सिजन सोडला. काळी रबरी पिशवी टम्म फुगली.

"बाई, ह्यो फुगा त्याच्या पोटात घालणार व्हय?" राजाबाईंनी विचारलं.

"न्हाय आक्का. श्वासाची पिशवी हाय ती. कुठनं गळतंय काय बघायलोय."

गळत होतंच. दाबाचा काटा वर चढला आणि हळूहळू खाली घसरला. तिनं पिशवी बदलली, नळी बदलली, तरी काटा आपला खालीच. मग साबणाचं पाणी करून तिनं प्रत्येक जोडाला फासलं. बाहेर टाकलेला श्वास शुद्ध करणाऱ्या, चुन्याचे खडे भरलेल्या डब्याच्या झाकणापाशी बारीक बुडबुडे उठले. झाकण काढलं तर रबरी कड्यावर एक खडा बसलेला.

"आमच्या ट्रॅक्टरचं पंक्चर बी असंच हुडकत्यात," राजाबाई म्हणाल्या.

"तसंच की," म्हणत ऋतिकानं कडं पुसलं आणि झाकण घट्ट केलं. या खेपेला काटा चढला तो हललाच नाही. तिनं जागच्या जागी गिरकी घेतली आणि भुंग्याला उचलायला निघाली.

मॅडम वाटेतनं सरकल्या नाहीत, त्यांची नजर यंत्रावरच होती.

ऋतिका चपापली. झडप अजून बंदच होती. तशीच राहिली असती तर भुंग्याला श्वास बाहेर टाकायला वाटच उरली नसती. तिनं मागं फिरून झडप उघडली, पिशवी दाबून हवा सुटते ना ते पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "झडप उघडी."

"आण आता त्याला," मॅडम म्हणाल्या.

मग शस्त्रक्रिया संपेपर्यंत ऋतिकानं पिशवीवरची नजर काढली नाही. पिशवी फुगत होती, बसत होती. बुरकुंड निघालं, टाके पडले, भूल उतरली. भुंग्यानं एक डोळा उघडला.

"घरात भाकरी कमी पडलीती काय रं?" राजाबाईंनी त्याला विचारलं.

भुंग्यानं उत्तरादाखल शेपूट हलवायला घेतलं. ते अर्ध्यावर उठलं आणि टेबलावर पडलं. ऋतिकाला हसू आवरेना. ती भिंतीला टेकली, डोळ्यांतनं पाणी येईतो हसली.

"पुरे आता हसणं," मॅडम म्हणाल्या. "चहा घे जा."

"घेतो की मॅडम," ती म्हणाली, "ह्याला जरा उभा राहिलेला बघतो आणि जातो."