डाव्या बुटाचा तळ

टाचवाल्याला माणसाचं तोंड दिसलं नाही तरी चालायचं, बुटाचा तळ दिसला की पुरे. गेली अठरा वर्षं तो चपला-बूट दुरुस्त करत होता आणि झिजलेल्या टाचेवरून माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. टाच बाहेरून झिजली तर माणूस ऐटीत चालणारा, आतून झिजली तर ओझी वाहणारा, आणि बूट जुना पण टाच नवीकोरी असेल तर खुर्चीत बसून पगार घेणारा. हे त्याचं शास्त्र. ते खरं आहे का, हे कुणी तपासलं नव्हतं, पण गिऱ्हाइकं हसायची आणि पुन्हा यायची.

सहा दिवस तो परक्यांचे तळ वाचायचा आणि शनिवारी आपल्या लेकीचे. लेक आठ वर्षांची. नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा कागदावर तसंच ठरलं होतं. मुलगी आईकडे राहणार, आणि शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बापाकडे. रविवार आईचा, कारण नोकरीतून तिलाही तेवढाच एक दिवस मोकळा मिळायचा. शनिवारी तो दुकानाचं दार आतून लावून घ्यायचा. मागच्या खोलीत दोघं पत्ते खेळायची, चित्रं काढायची, काहीबाही शिजवून खायची. ती गेल्यावर तिनं दूध प्यायलेला पेला तो सोमवारपर्यंत विसळत नसे. विसरायचा म्हणावं तर बाकी सगळी भांडी घासलेली असायची.

लेकीला तो गोगलगाय म्हणायचा, लाडानं गोगू. जेवायला तास, बूट घालायला अर्धा तास. बोलणंही तसंच, चिमटीनं मीठ टाकल्यासारखं.

एका शनिवारी ती पत्ते पिसत बसली असताना त्यानं सवयीनं तिचे बूट उलटे केले आणि त्याच्या काळजात चर्र झालं. उजवा बूट ठीकठाक होता. डावा मात्र चवड्याखाली पार गुळगुळीत झाला होता, आणि बूट जेमतेम तीन महिन्यांचे. त्याच्या शास्त्रात याला एकच अर्थ होता. पोरगी पाय ओढत चालते. मन नसताना कुठं जावं लागलं की माणूस असंच चालतं. ती आपल्याविना सुकत चालली आहे, शाळेला जाताना, घरी परतताना पाय ओढते आहे, बोलत मात्र नाही.

त्याला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. कुणाला तरी आपली इतकी उणीव भासते, या विचारानं तो रात्रभर अंथरुणात कूस बदलत राहिला, आणि त्यात नुसतं दुःखच नव्हतं. स्वतःची लाज वाटली तेव्हा कुठं झोप लागली.

विचारून मोकळं व्हावं, हे काही त्याला सुचलं नाही. तळ बोलल्यावर माणसाला कशाला विचारायचं? त्याच शनिवारी तिला सोडायच्या आधी त्यानं डाव्या बुटाखाली जाड रबर चिकटवलं होतं, वर चार खिळेही मारले होते. असं काम त्यानं डोंगर चढणाऱ्यांनाही करून दिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी गोगू आली ती फुरंगटूनच.

"बाबा, तू काय केलंस हे? बूट धोंड्यासारखा झालाय. माझी फळी चुकते."

"कसली फळी?"

मग गोगलगाय बोलायला लागली. शाळेच्या मैदानावर वाळूचा खड्डा आहे. पळत यायचं, पांढऱ्या फळीवर डावा पाय आपटायचा आणि उडायचं. बारा पावलं, ना एक कमी ना एक जास्त. फळीच्या पुढं बोट गेलं तरी खेळाच्या बाई, शिट्टीबाई, शिट्टी फुंकतात, ती उडी बाद. ती रोज उडते. सगळे घरी गेले तरी उडते. आई पाच वाजता न्यायला येते तेव्हा म्हणते, आता बस झालं, तरी आणखी दोन. बोलता बोलता ती उठली आणि खोलीत बारा पावलं बसेनात म्हणून दुकानातून धावत आली. खिळ्यांचा डबा लवंडला.

टाचवाल्यानं चामडं कापायची रापी घेतली आणि रबर मुकाट्यानं कापून काढलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. एवढ्या वर्षांनंतरही तो मनात तिला बायकोच म्हणायचा, तोंडानं मात्र गोगूची आई.

"शिट्टीबाईंनी सहा मुलांना निवडलंय. आपलीही आहे त्यात," ती म्हणाली. "दुसऱ्या मोठ्या मैदानावर सराव असतो, पण शनिवारी. सकाळपासून पाचपर्यंत. तुझ्याकडे सहा ते सात येईल."

"एक तास."

"हो. कागद आहे, तुझ्या होकाराशिवाय मी काही करणार नाही. तू नाही म्हणालास तर मी समजावीन तिला, तुझं नावही घेणार नाही."

भांडली असती तर सोपं गेलं असतं. "आधी बघतो," एवढंच तो म्हणाला.

बुधवारी दुपारी तो दुकान बंद करून शाळेच्या मैदानावर गेला आणि कुंपणापाशी उभा राहिला. गोगूचं लक्ष नव्हतं. ती फळीकडे बघत होती. मग ती पळाली, आणि टाचवाल्याला आपली मुलगी ओळखू येईना. पाय ओढणं कसलं नि काय! डावा पाय फळीवर असा वाजला, की त्याला स्वतःच्या हातोडीची आठवण झाली. वाळूत पडली, उठली, केसांतली वाळू झटकत एकटीच हसली आणि पुन्हा मागे पळाली. पाच वेळा त्यानं ते पाहिलं. जिला आपल्याविना काहीच गोड लागत नाही असं तो धरून बसला होता, ती त्याच्याविना इतकी सुखात होती. ऊर भरून आला, आणि त्याच वेळी आत कुठंतरी रिकामंही झालं.

तेवढ्यात तिनं त्याला पाहिलं. "बाबा!" म्हणून दोन्ही हात हलवले. पुढच्या तिन्ही उड्यांना शिट्टी वाजली.

ती धापा टाकत कुंपणापाशी आली. नाक लाल झालं होतं.

"तुला शनिवारी सरावाला जायचंय का गं?" त्यानं विचारलं.

तिनं खाली बघत मान डोलावली. "तू एकटा बसशील ना पण."

"मी कशाला बसतोय? येईन की तुझी उडी बघायला."

ती बुटानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "नको येऊस, बाबा. तू आलास की मी सारखी तुझ्याकडे बघते. तू गेलास की काय, असं वाटतं. मग पावलं चुकतात."

"आणि आई असते तेव्हा?"

"आईकडे कशाला बघू?" तिला प्रश्नच कळला नव्हता. "ती असतेच."

टाचवाल्यानं कुंपणातून हात घालून तिच्या कानामागची वाळू पुसली. पुसायला थोडा जास्तच वेळ लागला.

"जा, शनिवारी जा," तो म्हणाला. "आईला आजच सांगतो. आता एक छानशी उडी मार."

"तू बघणारेस?"

"मला दुकान उघडायचंय, गिऱ्हाईक येऊन बसलं असेल."

गिऱ्हाईक कुणी येणार नव्हतं. तो पाठ फिरवून चालू लागला. मागून पावलं ऐकू आली तशी तो ती मोजू लागला. वळून बघावंसं इतकं वाटलं की मान दुखली, पण तो वळला नाही. बारावं पाऊल फळीवर वाजलं. शिट्टी वाजली नाही. पोरांचा गलका झाला, टाळ्या पडल्या, आणि शाळेच्या भिंतीचा आडोसा येईपर्यंत टाचवाल्यानं डोळेसुद्धा पुसले नाहीत, मागून तिला हात दिसला असता म्हणून.