हेमराजची वीट

हिंगणघाटच्या पुढे, वणा नदीकाठच्या त्या गावात मारुतीचं देऊळ बांधायचं ठरलं आणि एरवी बांधावरून डोकी फोडणारी माणसं एकदम शहाणी झाली. मोतीलाल शेटजींनी सिमेंट दिलं, कुणब्यांच्या बैलबंड्यांनी रेती आणली, गोंडपुऱ्यानं पाया खोदला, भिंत उचलायला नबी मिस्त्री आला. नेम एकच: गावातल्या प्रत्येक जित्या माणसाची एक वीट. बाहेरगावी असेल त्याची वीट आईनं लावायची.

अनुसयाबाई आपल्या हेमराजची वीट घेऊन आली, तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. हेमराज मागच्या पुरात वाहून गेला होता. ती तेव्हा आष्टीला भावाकडे होती. प्रेत काही सापडेना. सापडलं की सांगू म्हणून, पोरगा हैदराबादच्या ट्रकवर क्लीनर लागला, असं तिला सांगून टाकलं. पुढे खरं कोणी सांगायचं यावर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला, आणि ती रोज फाट्यावर वाट बघत बसू लागली. आताही जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. नबीनं वीट बसवली.

ती वीट वाळेना. मे महिन्याच्या उन्हात सगळी भिंत खडखडीत झाली, तेवढी एक वीट ओली. गिलावा धरेना. नबीनं हात फिरवला तर बोटांना नदीचा गाळ लागला. त्या भिंतीकडे कोणी फिरकेना. लाजेनं म्हणावं तर लाज थोडीच, भीतीच जास्त.

प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी अनुसयाबाईनं विटेला गाल लावला. गालाला नदीचा गाळ लागला, तशी ती वळली.

"देऊळबी मिळून बांधलं तुम्ही, अन् खोटंबी मिळूनच बांधलं. काऊन?"

शेटजींनी टोपी काढली आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही. पोराला नदीवर जाऊन कोणी हाक तरी मारली का, एवढंच तिनं विचारलं. तिच्या कानावर जाईल या धाकानं तिथं कोणी त्याचं नावही काढलं नव्हतं.

"मंग चला," ती म्हणाली. "आता मिळूनच मारा."

दिवस मावळताना सारं गाव घोट्याइतक्या पाण्यात उभं राहिलं. धोतर खोचलेले शेटजी, नबी, गोंडपुरा, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. सगळ्यांनी एका आवाजात हेमराजला हाक मारली. पलीकडे वस्ती नाही, नुसतं पडीक रान आहे.

पलीकडून ओ आली.

"आलो, माय."

आभाळात ढग नव्हता, तरी पाणी चढू लागलं. घोट्यावरून पोटरीला, पोटरीवरून गुडघ्याला आलं. भीतीनं कोणाचा पाय उचलेना. अनुसयाबाई दोन पावलं पुढे गेली. धावत जाऊन त्याला धरावं, एवढंच तिच्या मनात होतं. मागं एक लेकरू रडलं. तिनं वळून त्या सगळ्यांकडे पाहिलं.

"नोको येऊ, राजा," ती म्हणाली. "तिथंच राह्य."

पाणी उतरलं. मग ती रेतीत बसली आणि पहिल्यांदा रडली.