खालचा फोन

धरमपेठेतल्या कुमुदच्या घरी एकाच लायनीवर दोन फोन होते, एक माडीवर आणि एक खाली बाबांच्या दुकानात. माडीवरच्या डायलला बाबांचं कुलूप होतं, पण रिसिव्हरखालचा खटका ठोकून नंबर लावायची युक्ती तिला केव्हाच साधली होती. शाळेच्या मैदानावर कापसाच्या गाठी रचल्यामुळे मुलींची कबड्डी बंद पडली होती. गाठी बाबांच्याच, म्हणून नाव सांगायची सोय नव्हती. तोंडाशी रुमाल धरून तिनं शाळेचे अध्यक्ष गोपाळराव यांना फोन लावला.

"पोरींचं मैदान मोकळं करा जी."

"कोण बोलून राहिलं?"

"नाव नाही सांगत."

"बाईसाहेब, गाठी माह्या आहेत," मध्येच बाबांचा आवाज आला.

कुमुद गारच पडली. वर एकेक आकडा ठोकताना खाली घंटी किणकिणत होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. गोपाळराव खो-खो हसत सुटले.

"शनिवारी उचलतो," बाबा म्हणाले. "आता फोन ठेव वं."

कुमुदनं रुमाल बाजूला केला.

"शनिवारी तर मॅच आहे, बाबा. उद्याच उचला."