दोन ओळींचं डमी

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये म्हणतात. आमचा धंदाच त्यावर चालतो. चिपमधला प्रत्येक भाग स्वतः लिहीत बसायला वेळ कोणाला आहे? विषारी वायू ओळखणारं मॉड्यूल आम्ही बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतलं. ते कुलूपबंद येतं, आतला कोड दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या कुलपापायी ते आमच्या सिम्युलेशनमध्ये चालेना. सिम्युलेशन म्हणजे चिपची संगणकावरची रंगीत तालीम. कंपनीला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी वैतागून मी त्याच नावाचं एक डमी लिहिलं, दोन ओळींचं. काहीही विचारा, ते एकच सांगणार: हवा चांगली आहे. मुख्य नट आला नाही तर तालमीत कोणीतरी त्याची वाक्यं वाचतो, तसं. बाकीचे भाग तपासून झाले आणि डमी फोल्डरमध्येच राहिलं.

खरं मॉड्यूल घातलेलं, विषारी वायू आला की भोंगा वाजवणारं आमचं यंत्र चाचणीच्या गॅसच्या पेटीत पास झालं होतं. परवा भोंग्याचा आवाज वाढवायचा होता, म्हणून मी सगळा कोड पुन्हा चिपसाठी तयार केला. एवढ्याशा बदलाला गॅसची पेटी कोण उघडतं? तो नवा कोड भरलेलं पहिलं यंत्र मी माझ्या दादाला दिलं. तो रसायनांच्या टाक्या आत उतरून साफ करतो. तो टाक्यांत उतरला म्हणून मी कॉलेजात गेले.

आज अकराच्या सुमारास साहेब खुशीत आले. हातात परवाच्या कोडचा, कुठल्या भागाने चिपमध्ये किती जागा घेतली त्याचा रिपोर्ट होता.

"कमाल केलीस. चिपमधली चाळीस टक्के जागा वाचवलीस."

"मी काहीच वाचवलं नाही, साहेब."

"मग काय उंदरांनी खाल्ली?"

मी रिपोर्ट ओढून घेतला. विकतच्या मॉड्यूलचं नाव होतं, पुढे जागा शून्य. नाव तेच, फाइल मात्र माझ्या फोल्डरमधली. चिपमध्ये डमी गेलं होतं.

दादाचा फोन बंद. वहिनीला लावला.

"अगं, फोन गेटवर जमा करावा लागतो ना. आज मोठी टाकी आहे," ती म्हणाली. "एरवी आधी अर्धा तास पंखा लावतात. आज म्हणाला, कशाला? छोटीचं यंत्र आहे की."

तिला खरं सांगायला जीभ रेटेना. टाकीपाशी एक फोन असतो, त्याचा नंबर तेवढा मागून घेतला.

मुकादमाने उचलला. "उतरलाय की, दहा मिनिटं झाली. ऐका, खरवडतोय. काळजी करू नका ताई, यंत्राचा दिवा हिरवा आहे."

"त्याला वर काढा. आत्ताच्या आत्ता."

"हिरवा असताना?"

"ते यंत्र खोटं बोलतंय. मीच बनवलंय. काढा त्याला."

"मधेच काम थांबवायचं तर आमच्या साहेबांना विचारायला लागतं," तो म्हणाला आणि रिसिव्हर टेबलावर ठेवून गेला.

मी ओरडत राहिले, पण तिथे ऐकायला कोणी नव्हतं. लांबून खरवडण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.