एकट्याचं ऐकायचं नाही

या बाबांनो, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. मी स्वतः अजून त्यातून सावरलेले नाही, तेव्हा मन जरा घट्ट करूनच ऐका.

एक बाई होती, इंजिनिअर. सीमेवरच्या ओसाड घाटात माणूस न ठेवता पहारा कसा द्यायचा, हे तिचं काम. तिने जमिनीत मुठीएवढी बिनतारी यंत्रं पुरली. पावलांचा हादरा बसला की ती एकमेकांना सांगत आणि खबर छावणीत पोचे. पण दगड घरंगळला, कोल्हा धावला, तरी तीच बोंब. साहेब वैतागले. मग बाईने नियम घातला: एकट्या यंत्राचं ऐकायचं नाही, शेजारच्या दोघांनी दुजोरा दिला तरच खबर पुढे पाठवायची. देव एकट्याचंही ऐकतो, पण यंत्राला आपण तशी सवय लावत नाही. खोट्या बोंबा थांबल्या, बॅटऱ्या जास्त टिकल्या, सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

त्या बॅटऱ्या बदलायला जायचा तिचाच धाकटा भाऊ, फौजेतला. तो तिला चिडवायचा, "ताई, तुझी पोरं तुझ्यावरच गेलीत. ऐकतात सगळं, बोलायला मात्र मुहूर्त लागतो."

एकदा तो घाटात गेला आणि परतलाच नाही. दरड कोसळली होती, रेडिओ मुका. ड्रोन फिरून आलं, धुरळ्याखेरीज काही दिसेना. एवढ्या लांब घाटात शोधायचं कुठे? साहेब म्हणाले, यंत्रं गप्प आहेत, म्हणजे तिथे कोणी हलत नाही. बाई मान डोलावणार, तोच तिला आठवलं, एकट्या यंत्राला गप्प बसायला आपणच शिकवलंय. तिने तो नियम काढून टाकला.

पडद्यावर एकच ठिपका लुकलुकला. तीन ठोके, जरा उसंत, पुन्हा तीन ठोके.

भाऊ दरडीखालून कालपासून जमीन ठोकत होता, आणि शेजारच्या यंत्रांपर्यंत ते ठोके पोचत नव्हते म्हणून बहिणीचाच नियम त्याला गप्प करत होता.

गाडी निघाली. बाई पडद्यासमोरच बसून राहिली. यंत्राला तिने कान दिले होते, तोंड नव्हतं दिलं. 'आलो रे' एवढंही भावापर्यंत पोचवता येईना. तिनाचे दोन ठोके झाले. मग एक.

साहेबांनी हळूच विचारलं, "आहे ना अजून?"

ती म्हणाली, "आत्तापर्यंत होता."

गाडी पोचली तेव्हा त्याचा हात कोमट होता.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या पोराची आठवण काढा. आणि त्याच्या ताईचीही. ती अजून कोणाशी बोलत नाही.