हंसाची पाटी

चौऱ्याऐंशी साली, शिमगा होऊन गेल्यावर, एडवणच्या मासळी विकणाऱ्या आठ बायका टेम्पोत बसून सहलीला निघाल्या. पहिला दिवस तारापूरच्या किल्ल्याचा. बेत हंसाच्या बहिणीच्या मुलाचा, भगवंताचा. तो बोईसरला कारखान्यात होता.

हंसाने चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन माकुणसार गाव पालथं घातलं होतं. कुणाची पायरी निसरडी, कुणाचा कुत्रा अंगावर येतो, सगळं तिला ठाऊक. पण नुसतं बघायला म्हणून ती कधी घराबाहेर पडली नव्हती. आज पडली, तरी पाटी घेतलीच. रिकाम्या डोक्याने चाललं की तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. पाटीत आठजणींच्या तांदळाच्या भाकऱ्या, कांदे आणि भाजलेले सुके बोंबील.

किल्ल्याशी उतरल्यावर भगवंत टेम्पो लावायला गेला. तोवर बायका सावली बघून टेकल्या, आणि तिथेच घोटाळा झाला. एका रांगेत, गुडघे मुडपून, पाटी पुढ्यात, तिच्यावरचं फडकं अर्धं दुमडलेलं. बाहेर बसायचं म्हणजे असंच, एवढंच त्यांना माहीत. मुंबईकडचं एक जोडपं थांबलं. खांद्याला पिशवी लावलेल्या बाईने वाकून विचारलं, "बोंबील कसे दिले?"

शेजारी बसलेल्या हिराने तोंडाला पदर लावला. "सांग गो हंसा, भाव सांग."

ते ऐकून दरवाज्यावरचा राखणदार चंद्रभान काठी आपटत आला. "विकायचं तर रस्त्यापलीकडे. आत पाटी न्यायची नाही."

"विकायला नाय आलो," हंसा उठली. "बघायला आलोय."

"बघायला येणारे पाटी आणत नाहीत."

भगवंत धावत आला आणि तिच्या कानाशी लागला. "मावशी, ठेव ना टेम्पोत. लोक हसतात."

"हसू दे. हिच्यावर तुझी आई न मी पोटं भरली. आज ती टेम्पोत बसंल न मी एकटीच किल्ला बघू?" मग ती चंद्रभानकडे वळली. दरवाज्यातून ते जोडपं आत चाललं होतं. "त्या बाईच्या पिशवीत काय रं हाय?"

"डबा असेल."

"माज्या पाटीत पण जेवणच हाय. तिचं खांद्यावर, माजं डोक्यावर."

चंद्रभानने काठी आडवी धरली. "डोक्यावरचं चालणार नाही," तो म्हणाला.

"असं काय?" हिराने आपली कापडी पिशवी उचलली आणि डोक्यावर ठेवली. येसूबाईने पाण्याची कळशी चढवली. नवसीपाशी काहीच नव्हतं. तिने पायातल्या चपला काढून डोक्यावर ठेवल्या. बघता बघता आठही डोकी भरली.

"आता कुनाकुनाला अडवशील, बाबा?" हंसाने विचारलं.

चंद्रभानने नवसीच्या चपलांकडे पाहिलं. हसू दाबत तो बाजूला झाला.

हंसाने घाई केली नाही. दरवाज्याच्या अगदी मधून, एक हात मोकळा झुलवत, ती आत गेली. तटावर चढली तेव्हा पुढे समुद्र होता.

"हा तर आपलाच," हिरा म्हणाली.

"आपलाच. पन हितनं कधी बघितला व्हता?"

त्यांनी पाटीवरचं फडकं सोडलं. भाजल्या बोंबलांचा वास सुटला, तसं ते जोडपं पुन्हा आलं. "मावशी, आता तरी द्या थोडे. काय भाव?"

"आज बाजार बंद हाय," हंसा म्हणाली. तिने भाकरी मोडली, वर एक बोंबील ठेवला आणि त्या बाईच्या हातात दिली. "बसा. आमीपन तुमच्यासारख्या बघायलाच आलोय."